पेटीतली बाई

नगर,
ता. १४ सप्टेंबर १९४३

चि. आप्पास,
मनकर्णाताईचे अनेक आशीर्वाद.

दोन महिने तुझं पत्र नाही, तेव्हा ऊस बरा आहे असं समजते. ऊस बिघडला की तुला बहीण आठवते. रंगुबाईने पाठवलेली गुळाची ढेप पोचली. रेशनच्या दुकानात जी साखर म्हणून देतात तिच्यात निम्मी वाळू असते, त्यामुळे ढेप मी कुलपात ठेवली आहे.

आता ज्या नावाला तू कानांवर हात ठेवतोस त्याच नावाने लिहिते. आपली बहीण केशर वर्षभर माझ्याकडे आहे. डोळे तिचे प्रोफेसर हयात असतानाच गेले. गेल्या महिन्यापासून पायही उचलत नाही. डॉक्टर औषध देतात आणि माझ्याकडे न बघता पिशवी आवरतात. मुलींच्या शाळेत मी तीस वर्षं काढली आहेत. न बघता बोलणाऱ्या माणसाला काय सांगायचं असतं ते मला कळतं.

तिच्यासाठी मी प्रोफेसर सूर्यभानांच्या वस्तू गोळा करते आहे. इंदूरपासून हुबळीपर्यंत ज्यांच्या जादूच्या खेळाला लोक झाडांवर चढून बसत, त्यांचं सामान त्यांच्यामागे वर्षाच्या आत वाऱ्यावर गेलं. चेला पुंजाराम सगळं घेऊन गेला आणि जिथे जेवला तिथे विकत गेला. जुन्या बाजारातल्या महमूद भंगारवाल्याकडे मला संस्थानिकांनी दिलेली दोन पदकं मिळाली. तो भाव सोडेना. म्हणाला, लहानपणी प्रोफेसरांनी त्याच्या कानातून रुपया काढला आणि स्वतःच्या खिशात घातला, तो रुपया अजून येणं आहे. मी त्याला म्हटलं, कान तुझा असला तरी रुपया त्यांचाच होता. तेव्हा हसला आणि दिली.

जाहिराती सात-आठ जमल्या. प्रत्येकीवर प्रोफेसरांचं नाव मनगटाएवढ्या अक्षरांत. रोज रात्री पेटीत बंद होऊन नाहीशी होणारी जी बाई, ती आपली केशर, तिचं नाव एकीवरही नाही. खाली, विडी ओढू नये या सूचनेच्या शेजारी, ‘पेटीतील स्त्री अदृश्य होईल’ एवढंच. अरे, झाली की! छापणाऱ्यांनीच केली. छायाचित्रांतही तिचं तोंड ओढणीत. आणि आपल्या घरातल्या फोटोंतून बाबांनी कात्रीने तिला कापलंच होतं.

या वस्तू तिच्या हातात देते. ती चाचपते, बरं म्हणते आणि उशाशी ठेवते. मग विचारते, पेटी मिळाली का. तेवढं एकच विचारते. ती गायब होण्याची पेटी पुंजारामाने राहुरीला एका आडत्याच्या वखारीत टाकली आहे असं कळलं. तुझ्या गावापासून राहुरी किती लांब, हे मी तुला सांगायला नको. जा आणि आण.

माझ्या सांगण्याचा राग धरलास तरी ते काम टाकू नकोस.
तुझी ताई,
मनकर्णा

॥ श्री ॥
देवळाली प्रवरा,
भाद्रपद व. ९, शके १८६५

ती. मनकर्णाताईस,
आप्पाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. रंगुबाईने ते दोनदा वाचून घेतलं. तिचं म्हणणं, ताई शाळेतून निवृत्त झाल्या पण छडी खाली ठेवायची विसरल्या. पाटाला पाणी वेळेवर नाही, ऊस पिवळा पडतो आहे, तरी पत्र लिहितो आहे, हेही लक्षात घ्यावं.

ताई, तुम्ही विधवा झाल्यावर बाबांनी तुम्हाला नन्सच्या शाळेत घातलं, तुम्ही घराबाहेर वाढलात. मी घरात होतो. लग्नाचा मांडव दारात असताना ती तंबूतल्या जादूगाराबरोबर गेली. बाबांनी तिच्या नावाने अंघोळ केली ती मला शेजारी उभं करून, माझ्याही डोक्यावर तांब्या ओतून. मी नऊ वर्षांचा होतो. त्याआधी मला अंघोळ तीच घालत असे. त्या दिवसापासून तिचं नाव घेतलं नाही. आता घ्यायचं म्हटलं तर जीभ वळत नाही. हा राग नाही. सवय आहे, पण मोडत नाही.

तुम्ही बोलावलंत तरी नगरला येणार नाही. पेटीचं मात्र बघतो. बाजाराच्या दिवशी राहुरीला जायचंच आहे, वखारीत डोकावायला काय जातं.

त्यांच्या प्रकृतीचं लिहीत जावं.
आपला आज्ञांकित,
आप्पा

नगर,
ता. ६ ऑक्टोबर १९४३

चि. आप्पास,
अनेक आशीर्वाद.

पेटी तू सोडवून घरी नेलीस, हे राहुरीहून आलेल्या गोरक्षनाथ गाडीवानाकडून कळलं. तुला पत्र टाकायला हात जड झाला, पण काम केलंस. केशरला सांगितलं तर तिने माझा हात धरून ठेवला, आणि गेल्या कित्येक दिवसांत प्रथमच पेजेची वाटी संपवली.

काल तिने मला पेटीचं सांगितलं. माझ्या मनातून ते अजून जात नाही, म्हणून लगेच लिहायला बसले.

त्या पेटीला मागच्या बाजूला चोरकप्पा आहे. खेळात ती त्यात अंग चोरून बसायची. बाहेर प्रोफेसर तलवारी खुपसायचे, रिकामी पेटी लोकांना फिरवून दाखवायचे, टाळ्या घ्यायचे. तेवढा वेळ ही आत मिट्ट काळोखात. पहिल्या वर्षी तिला गुदमरायला व्हायचं, रडू यायचं. आवाज तर करायचा नाही. मग तिने केसांतला आकडा काढला आणि कप्प्याच्या फळीवर रेघा ओढायला लागली. प्रत्येक खेळाला थोड्या, इतकी वर्षं.

काय काढलं असेल? आपल्या छावणीतल्या घराचं अंगण, आप्पा. पाण्याचा हौद. वाकडा पेरू. पायरीवर पुस्तक घेऊन मी, आणि विटीदांडू घेऊन तू. तुझे केस उभे काढलेत म्हणे, अंघोळ घालताना उभे राहायचे तसे. हे चित्र तिने उजेडात कधी पाहिलंच नाही. प्रोफेसरांनाही आत फडकं लावू द्यायची नाही. खंडेनवमीला पेटीची पूजा व्हायची तीही बाहेरून. मी तिला वेड्यासारखं म्हटलं, पण आता तुला दिसणार कसं. तर म्हणाली, त्या पेटीत मी तेव्हाही आंधळीच होते, ते बोटांनीच दिसतं.

एवढ्या जाहिराती आणि पदकं मी गोळा केली आणि ती बाई त्या कशातच नव्हती. ती त्या फळीवर आहे. तेव्हा पेटी जशी आहे तशी पाठव. आतल्या बाजूला पोराबाळांना हात लावू देऊ नकोस.

गाडीवर भरपूर कडबा घाल. मी दारात उभी आहे असं समज.
तुझी ताई,
मनकर्णा

॥ श्री ॥
देवळाली प्रवरा,
आश्विन शु. ९, शके १८६५

ती. मनकर्णाताईस,
आप्पाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आज खंडेनवमी. सकाळी नांगर, कुळव, विळे, कोयते धुऊन पुसून मांडले आणि मधोमध पेटी मांडली. हत्यार ते हत्यार, मग ते शेताचं असो की जादूचं. ज्या हत्यारावर आपल्या माणसाचं पोट चाललं, त्याला झेंडूचं फूल मिळायला हवं, असं मनात आलं. ते कुणाला बोललो नाही.

वखारीतून आणली तेव्हा बघवत नव्हती. वर घुशींनी कुरतडलेली. आतल्या बाजूला मागची फळी तर कुणीतरी खिळ्याने इतकी ओरबाडून ठेवली होती की एक बोटभर जागा धड नव्हती. अशा पेटीला हत्यार म्हणून पुजायचं कसं? आणि अशी ती आपल्या घरून त्यांच्याकडे जायची? सुताराला दोन दिवस घरीच ठेवून घेतला. आतून-बाहेरून रंधा मारला, बिजागऱ्यांना तेल दिलं, वर पॉलिशचे तीन हात. आतली फळी मी स्वतः घासली. आता तिच्यावरून हात फिरवला तर लोण्यावरून फिरवल्यासारखा जातो. रंगुबाई मला हसली. म्हणाली, एवढी माया होती तर इतकी वर्षं कुठे ठेवली होती.

उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर गोरक्षनाथाच्या गाडीतून पाठवतो. लढाईमुळे रेल्वे पार्सल घेत नाही. ताई, ती माझ्याकडून आहे असं सांगा. त्यांना सांगा म्हणजे, केशरअक्काला. लिहिलं बघा नाव.

थोडं काही चुकलं असल्यास पदरात घ्यावं.
आपला,
आप्पा

नगर,
ता. १२ ऑक्टोबर १९४३

चि. आप्पास,
आशीर्वाद.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं पत्र तुला दसऱ्याच्या संध्याकाळी मिळालं असेल. त्यावर तुझं उत्तर नाही, यावरून तू ते वाचलंस हे कळलं.

पेटी पोचली. काचेसारखी चकचकीत आहे. मी झाकण उघडून आत पाहिलं आणि त्याच जागी खाली बसले. चार पानं तुला लिहिली होती. जे तोंडाला येईल ते लिहिलं होतं, शाळेत मुलींना कधी बोलले नाही असं. ती पानं चुलीत घातली. रंध्याच्या ढलप्या तुमच्याकडेही चुलीतच गेल्या असतील. गेल्या नसल्या तर कळव. नाही, नको कळवूस.

केशरला पेटी आल्याचं कळलंच. गाडीवानाचा आवाज तिने ऐकला. तिला उचलून पेटीशी नेली. तिने मागचा कप्पा बरोबर सरकवला आणि हात आत घातला. हात वर गेला, खाली गेला, कोपऱ्यात गेला, परत वर आला. मी सांगणार होते. खोटं बोललेल्या मुलीच्या जिभेवर नन्स साबण लावायच्या, तो साबण मी एकदाही चाखला नाही हे तुला माहीत आहे. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिने विचारलं, आप्पाने स्वतःला पाहिलं का गं. मी तिचा दुसरा हात धरला.

तिने हात बाहेर काढला, वास घेतला, आणि मला समजावत म्हणाली, ही आपली नाही. दुसऱ्या कुणा जादूगाराची आहे. त्याची बायको वाट बघत असेल, परत पाठव.

आप्पा, मी हो म्हटलं. त्या दिवसापासून रोज नवीन सांगते. खरी पेटी तुझ्याकडेच राहिली, गाडीवानाने चुकीची उचलली, आता गाडी मिळत नाही. ती ऐकून घेते. पेज पुन्हा बंद आहे. पेटीवर मी चादर टाकली आहे. पदकं आणि जाहिराती परवा महमूदला नेऊन दिल्या. पैसेही मागितले नाहीत.

डॉक्टर या खेपेला माझ्याकडे बघून बोलले. दिवाळी धरून चालू नका म्हणाले.

तिचा माझ्यावर विश्वास बसेनासा झाला आहे. माझं खोटं ऐकायला तिला सरावही नाही. तू तिला दोन ओळी लिही. तिच्या नावाने लिही. मी वाचून दाखवीन. काय लिहायचं ते तुला कळतं.

तुझ्यावर रागावले आहे आणि रागवायला जागा सापडत नाही.
ताई

॥ श्री ॥
देवळाली प्रवरा,
आश्विन व. २, शके १८६५

ती. केशरअक्कास,
धाकट्या आप्पाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

अक्का, तुला हे माझं पहिलंच पत्र. उशीर झाला.

गाडीवानाने दुसऱ्याचीच पेटी आणून दिली, त्याला मी चांगला फैलावर घेतला. आपली पेटी माझ्या घरात माजघरात आहे. कुणालाही हात लावू दिलेला नाही. काल दार लावून, कंदील विझवून मी चोरकप्प्यात हात घातला. तू म्हणालीस तसं बोटांनी दिसलं. हौद लागला. पेरू लागला, त्याची ती खालची वाकडी फांदी लागली जिच्यावरून मी पडलो होतो. ताई पायरीवर आहे. मीही सापडलो. केस उभेच आहेत.

तुझी एक खोडी लक्षात आली. सगळ्यांना काढलंस आणि स्वतःला कुठेच काढलं नाहीस. की मला सापडली नाहीस? आलो की तू माझं बोट धरून दाखव.

गाड्यांचा भरवसा उरला नाही, म्हणून पेटी कुणाच्या हाती देत नाही. भाऊबीजेला मी स्वतः घेऊन येतो. पाट आणि तेल तयार ठेव. अंघोळ तुझ्याच हातची करीन.

तोवर पेज घेत जा, आणि माझ्यावर जीव असू दे.
तुझा,
आप्पा