तांदळाच्या दाण्याएवढं जास्त

अण्णा,

तुमचा काटा काल पुसायला काढला. कोरड्या सुती फडक्यानं, आणि तोंड बाजूला करून. ऐंशी उलटून गेली माझी, तरी पारड्यावरची धूळ फुंकायची हिंमत होत नाही. सात-आठ वर्षांची असताना एकदा फुंकली होती. तुम्ही शेगडीपुढून मान वर न करता म्हणालात, "फुंकू नको. श्वासालाबी वजन असतंय." रागावला नव्हतात, पण मी अशी कोपऱ्यात जाऊन बसले की अव्वानं संध्याकाळी तुम्हाला विचारलं, आपल्या पोरीला आज काय झालंय म्हणून. पुढं आयुष्यभर ज्या दवाखान्यात काम केलं, तिथं किरणं मोजायची एक डबी असायची, बोराच्या बीएवढी. त्या डबीत जी चिमूटभर हवा असते तिची उष्णता किती, दाब किती, हे आधी हिशेबात धरावं लागतं, नाहीतर माप चुकतं. पहिल्या दिवशी आमचे साहेब हे समजावून सांगत होते आणि बाकीचे भराभर वहीत उतरवून घेत होते. मी एकटी हसत बसले होते. हवेला वजन असतं हे मला मुरुमच्या बाजारपेठेत, आपल्या दुकानातच कळलं होतं.

'सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा,' असं गाव तोंडावर म्हणायचं आणि तुम्ही हसून ऐकून घ्यायचात. तुमचं उत्तर काट्यात होतं. शिसवी पेटीतून काटा निघायचा, दोन पितळी पारडी रेशमी दोऱ्यांवर झुलायची, एकात वजनाच्या गुंजा पडायच्या, लाल, काळ्या तोंडाच्या. काटा मधोमध उभा राहिला की दुसरा सोनार तिथं थांबला असता. तुम्ही थांबत नव्हतात. गिऱ्हाइकाच्या पारड्यात आणखी एक कणी पडायची, ते पारडं जरासं खाली जायचं, आणि मगच तुम्ही हात काढून घ्यायचात. झुकतं माप. आजोबा तसंच द्यायचे, त्यांचे वडील तसंच. घरात ह्यावर कधी चर्चा झाली नाही. देवाला दिवा लावतात तसं ते होतं. काटा बरोबर मध्ये ठेवून माल देणं म्हणजे आपल्या घरी जवळजवळ चोरीच.

सरकारी दवाखान्यात हैदराबादहून डॉक्टर आले तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी उर्दू शाळेत जात होते. उंच माणूस, रूमी टोपी, बोलणं मऊ. बैलगाडीच्या धक्क्यांत त्यांच्या औषधांच्या तराजूची धार तुटली होती. तराजू कसला, काचेच्या कपाटात बसलेली नाजूक नवरीच ती. दांडीच्या मध्यावर अकीक दगडाची एक बारीक धार, आणि सगळी दांडी तेवढ्या धारेवर डोलणार. डॉक्टर म्हणाले, "सुनार, हैदराबाद भेजा तो छे महिने आता नई. तुम देखो ना जरा." तुम्ही असला तराजू जन्मात पाहिला नव्हता. तरी अकरा दिवस ती धार तुम्ही घासत होतात. आधी डोळ्यांनी बघायचात, मग भिंग लावून, मग डोळे मिटून नखानं. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी मला हाक मारली, "बेटी, एक बाल दे." मी वेणीतून एक केस उपटून दिला. तो त्यांनी चिमट्यानं पारड्यात ठेवला, काचेचं दार लावलं, आणि आम्ही तिघं श्वास धरून बसलो. काटा हलला. "बाल तोल रा ये," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले, आणि कागदाच्या चिठ्ठीवर माझ्या केसाचं वजन लिहून ठेवलं. तुम्ही तो केस दागिन्याच्या गुलाबी कागदात बांधला आणि माझ्या हातावर ठेवलात. "ठिव. तुझ्या एका केसालाबी वजन हाय, ध्यानात ठिव." मला आजवर बरीच मानपत्रं मिळाली, ती कुठं आहेत ते मला सांगता येणार नाही. ती गुलाबी पुडी कुठं आहे ते सांगता येईल.

त्याच हिवाळ्यात अव्वाच्या पायांवर सूज आली. दोन पावलं चालली की धाप लागायची. तिला चुलीच्या घरातच निजवलं होतं, कारण तिथून तिला सगळ्यांवर नजर ठेवता यायची. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बरंच ऐकलं आणि एका झाडाच्या पानांची पूड दिली, हृदयासाठी. अर्ध्या गुंजेची एक पुडी, दिवसातून दोनदा. "कम हुआ तो काम नई करती, ज्यादा हुआ तो जान लेती," एवढं त्यांनी बजावून सांगितलं होतं, तुमच्यादेखत. नेमका निजामाच्या अखेरच्या धामधुमीत त्यांचा कंपाउंडर संस्थानाच्या सरहद्दीपलीकडं निघून गेला होता. केस तोलणारा हात गावात एकच होता. डॉक्टरांनी विश्वासानं पुड्या तोलायचं काम तुमच्यावर सोपवलं.

पहिल्या आठ दिवसांत सूज उतरली. अव्वा उठून बसली, शेजारणीला भाकरी थापायची अक्कल शिकवू लागली. आपण सगळे हरखलो. मग तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. एके दुपारी ताटाकडं बघून ती म्हणाली, "सगळं पिवळं दिसालंय वो. भाकरबी पिवळी, भिंतबी पिवळी. हळद सांडली का कुठं?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मी भाकरीकडं. भाकरी पांढरीच होती. मी अनवाणी दवाखान्यात पळाले.

डॉक्टरांनी अव्वाची नाडी धरली, खिशातलं घड्याळ काढलं आणि मोजत राहिले. मग "दवा ज्यादा हुई तो पीला दिखता," म्हणाले आणि उरलेल्या पुड्या मागितल्या. दवाखान्यात नेऊन एकेक पुडी तराजूत घातली, तुम्ही आणि मी उभे. चौदा पुड्या. प्रत्येक पुडी तांदळाच्या दाण्याएवढी जास्त. एक कमी नाही, एक अधिक नाही, सगळ्या सारख्याच जास्त. डॉक्टरांनी चौदावी पुडी खाली ठेवली. "सुनार, गलती भी तुम तोल के करे."

तुम्ही पुडीला ओल लागली म्हणू शकला असता. तराजूवर ढकलू शकला असता, धार आधी एकदा तुटली होती ना. तुम्ही टोपी काढून हातात घेतलीत. "साहेब, काटा झुकता ठिवला म्या. घरचं माणूस हाय. गावाला झुकतं दिलं, आन् बायकोला बरोबर कसं देऊ? जरा जास्त गेलं तर लवकर उठंल वाटलं." मला वाटलं डॉक्टर आता ओरडतील. ते खाली बसले. "सोने में सखावत करो, दिल खोल के दो," ते हळूच म्हणाले. "दवा में नक्को. दवा को तुम्हारी मुहब्बत नई समझती."

औषध बंद झालं. आता काही करायचं नव्हतं, नुसती वाट बघायची होती, आणि तेच अवघड. डॉक्टर आपलं घड्याळ तुमच्या हातात देऊन गेले. तुम्ही दुकान बंद ठेवून अव्वाच्या उशाशी बसलात, नाडी मोजायची आणि चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशानं आकडा लिहायचा. मला आकडे वाचता येत होते. ते किती लहान होते तेही कळत होतं. त्या तीन दिवसांत मला तुमची भीती आणि कीव एकाच वेळी जेवढी वाटली तेवढी आधी कधी वाटली नव्हती. चौथ्या दिवशी तुम्ही केलेली भाकरी अव्वानं निरखून बघितली. "पांढरी दिसाली," ती म्हणाली. "आन् करपलीय बी." तुम्ही तोंड फिरवून चुलीत लाकूड सारलंत. त्या चुलीत लाकडाची काही गरज नव्हती.

पुढचं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता. डॉक्टरांनी औषध पुन्हा सुरू करायचं ठरवलं तेव्हा तुम्ही दवाखान्यात गेलात. "पुड्या म्याच तोलतो. तुमच्या पुढ्यात." दुसऱ्या कुणी तो तराजू पुन्हा तुमच्या हाती दिला नसता. त्यांनी दिला. झुकतं देताना तुमच्या हातून आयुष्यात कधी कणी सांडली नव्हती. त्या दिवशी काटा नेमका मध्ये ठेवताना तीनदा पूड सांडली, आणि चौथ्यांदा काटा उभा राहिला. तुम्ही हात काढून घेतलात. तेवढं करणं तुम्हाला किती जड गेलं असेल ते मला फार उशिरा कळलं. अव्वा त्यानंतर बारा वर्षं जगली.

आणि तुम्ही गप्प बसला नाहीत. कुणी तुमच्या हाताची तारीफ केली की तुम्ही हातातलं काम खाली ठेवायचात आणि सांगायचात, "ह्याच हातानं बायको चालली होती माझी. माया जास्त झाली म्हणून." गावाला तेवढंच पुरे. सोनारानं बायकोवर सोन्याचा मुलामा चढवला, म्हणून ती पिवळं बघू लागली, असं लोक म्हणायचे. तुम्हीही हसायचात. मला मात्र लाज वाटायची. शाळेत मुली मला 'हळद' म्हणत. मी मनातल्या मनात म्हणायची, हे अण्णा कशाला सांगत सुटतात सगळ्यांना.

निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठी झाली, मी धाराशिवला शिकले, मग हैदराबादला, मग मुंबईला. पदार्थविज्ञान शिकून दवाखान्यात काय करणार, असं काका विचारायचे. तुम्ही म्हणालात, "तोलंल की." आणि तेच करत आले. कॅन्सरच्या गाठीवर किरणं सोडायची ती किती, हे ठरवणं आणि मोजणं. तुम्ही एकदा आला होतात, जेवणाच्या सुट्टीत यंत्र दाखवायला तुम्हाला आत नेलं. यंत्राभोवती फिरून, वाकून बघून तुम्ही विचारलंत, "ह्याचा काटा कुठं हाय?" मी ती बोराच्या बीएवढी डबी तुमच्या तळहातावर ठेवली. तुम्ही ती नखानं चाचपलीत. "आन् झुकतं?" "नाही अण्णा." "इकडं बी न्हाय, तिकडं बी न्हाय?" "नाही." "मग चांगलं काम हाय," म्हणालात आणि डबी दोन्ही हातांनी परत दिलीत.

नंतरची यंत्रं तुम्ही बघायला हवी होतीत. आता यंत्र माणसाभोवती फिरतं आणि दहा बाजूंनी थोडी थोडी किरणं सोडतं. वाटेत कुणाला फारसा धक्का नाही, सगळी भेटतात ती गाठीपाशी. गाठीशेजारी बोटभर अंतरावर लाळेची ग्रंथी असली तर तिला वाचवता येतं, म्हणजे त्या माणसाला पुढं कोरडी भाकरी गिळता येते. आणि अण्णा, छातीतली गाठ श्वासाबरोबर वरखाली होते, म्हणून यंत्र माणसाच्या श्वासाकडं लक्ष ठेवून असतं. श्वास ठरल्या जागी आला की किरणं सुटतात, सरकला की थांबतात. मी ते पहिल्यांदा चालताना बघितलं तेव्हा सगळ्यांदेखत माझे डोळे भरून आले. लोकांना वाटलं, मॅडम आता म्हाताऱ्या झाल्या.

हे पत्र घडी घालून काट्याच्या पेटीत ठेवणार आहे. तुमच्याजवळ पोचायची त्याहून जवळची जागा मला ठाऊक नाही. पण त्याआधी एक सांगायचं राहिलं, आणि खरं तर त्यासाठीच लिहायला बसले.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी उमरग्याकडचा एक माणूस बायकोला घेऊन आला होता. माझ्या बोलण्यातलं एखादं 'कुठं' ऐकून मी त्याच्याच भागातली हे त्यानं ओळखलं. उपचार निम्मे झाले तेव्हा तो माझ्या खोलीत येऊन बसला. "तुमी आपल्याकडल्या. जरा जास्त द्या की बाई. घरचं समजून." त्याला तुमची गोष्ट सांगायला पाच मिनिटं लागली असती. मी कोरडेपणानं म्हटलं, "तसं करता येत नाही." तो हिरमुसला. मग त्याची नजर काचेच्या कपाटातल्या तुमच्या काट्यावर गेली. "ह्यो कुणाचा?" आणि मी, इतकी वर्षं सगळ्या पाहुण्यांना सांगत आले तेच सांगितलं, "जुन्या बाजारात मिळाला."

तो उठून कपाटाजवळ गेला. "मुरुमला एक सोनार होता म्हणं," तो म्हणाला. "बायकोला औषध जास्त दिलं त्यानं, आन् सोताच समद्यास्नी सांगत फिरायचा. आमचा आजा म्हणायचा, सोनं त्याच्याकडंच द्यावं. चूक सांगणारा माणूस खोटं तोलत न्हाय."

त्याची बायको बरी होऊन चालत घरी गेली. पण ते नंतर. त्या दुपारी मी एवढंच म्हटलं, "असेल." पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तुमचं नाव कोरलेलं आहे, अण्णा. त्यानं पेटी बघायला मागितली होती. मी कपाट उघडलं नाही.