यांच्या आवाजाचा बॅकअप

फ्रीगंज, उज्जैन

ती. अक्कास,

प्रतिभाचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? वैद्यांनी दिलेलं तेल चोळतेस, की बाटली उशाशी ठेवूनच गुण येईल म्हणून वाट बघतेस? टाकीत पाणी आलं का ते पाहायला तू अजून गच्चीवर चढतेस, असं तुझ्या ऋचाने फोनवर सांगितलं. चढू नकोस. पाणी यायचं तर तू न बघताही येतं. इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. (सिंहस्थाच्या तयारीसाठी गावभर खुदाई चालू आहे. आमच्या गल्लीत रस्ता खोदला, मग बुजवला, मग आत काय पुरलं ते कुणाला आठवेना म्हणून परत खोदला.)

यांची तब्येत डॉक्टरांच्या मते एकदम बढिया आहे. घशातली गाठ निघाली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला, हे तुला कळवलंच होतं. पण कळवणं वेगळं आणि त्या घरात राहणं वेगळं. आता हे पाटीवर लिहितात. एक टाळी म्हणजे इकडे ये, दोन म्हणजे चहा, आणि लागोपाठ टाळ्या म्हणजे माझं काहीतरी चुकलं. (लागोपाठ वाजल्या की शेजारच्या मालवीयबाईंना आमच्याकडे आरती चालल्यासारखं वाटतं आणि त्या प्रसादाला येतात.) जन्मभर मी यांना 'जरा हळू बोला' म्हणत आले. आता कुकरची शिट्टी झाली तरी घरात कुणी बोललंसं वाटतं.

तर एके दिवशी मीच म्हटलं, तुमची नाट्यगीतं ऐकू या. गणेशोत्सवात हे दरवर्षी गायचे, त्याच्या कॅसेटी होत्या. होत्या म्हणते, कारण विद्युत मंडळात इंजिनिअर असताना यांनी एक डिस्क ड्राइव्ह आणला होता. निळी डबी, तिच्यात जाड फ्लॉपीसारख्या चकत्या घालायच्या. कॅसेटी सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवल्या, तिथून चकत्यांवर, आणि मग कॅसेटींचं पोतं यांनी स्वतःच्या हाताने कबाडीवाल्याला दिलं. फीत सडते, चकती सडत नाही, असं तेव्हा मला समजावलं होतं (मोठ्या आवाजात). त्यानंतर दर रविवारी आंघोळ करून हे बॅकअप घ्यायला बसत. महाकालाला जायचं एखाद्या वेळी राहिलं असेल, बॅकअप राहिला नाही. मधे जुना कॉम्प्युटर जळाला तेव्हा मी घाबरले, पण हे पान खात म्हणाले, "काळजी कसली? बॅकअप आहे."

नव्या कॉम्प्युटरला डबी जोडली, पहिली चकती घातली. आतून आवाज आला: टक्, टक्, टक्. पडद्यावर काही नाही. यांनी ती काढून दुसरी घातली. टक्, टक्. मग तिसरी. मी म्हटलं, अहो, थांबा, डबीच बिघडली असेल. यांनी तळहात दाखवून मला गप्प केलं. (एका भोकात फ्यूज उडाला तर त्याच भोकात दुसरा, मग तिसरा खुपसणारा इंजिनिअर तू पाहिला आहेस का? मी त्याच्याशी लग्न केलंय.) टॉवर चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात डबी दाखवली, तर तिथला पोरगा हसून म्हणाला, "आंटी, ये चीज तो मैंने फोटो में देखी है."

मग यांना विष्णुपंत आठवले. ते यांचे मंडळातले सहकारी, आता नानाखेड्याला राहतात. त्यांच्याकडे तशीच डबी होती, मऊ कापडात गुंडाळून ठेवलेली, धडधाकट चालणारी. त्यांनी मोठ्या मनाने ती बाहेर काढली. आमची चकती आत गेली आणि ती डबीही टक्‌टक् करू लागली. विष्णुपंत दचकले. डबी ठीक आहे ना ते बघायला त्यांनी आपल्या नर्मदा परिक्रमेच्या फोटोंची चकती घातली. तीही गेली. आम्ही आमची शेवटची चकती घालणार, एवढ्यात आमच्या तुषारचा हैदराबादहून फोन आला. मी त्याला कौतुकाने सगळं सांगितलं, तर तो ओरडलाच.

"आई, थांबा! कशातच काही घालू नका! बिघडलेला ड्राइव्ह चकती फाडतो आणि फाटलेली चकती चांगला ड्राइव्ह बिघडवते!"

म्हणजे साथीचा रोग, अक्का. आम्ही तो फ्रीगंजातून नानाखेड्याला नेऊन पोचवला होता. विष्णुपंतांनी परिक्रमा पायी केली होती आणि आता ती पुन्हा होण्यासारखी नाही. त्यांनी चहा दिला, पण साखर घालायला विसरले. आम्ही मागितली नाही.

घरी येऊन यांनी पाटीवर लिहिलं, "रामघाट. विसर्जन." मी म्हटलं, क्षिप्रेला तिचे त्रास पुरे आहेत. मग हे जेवले नाहीत, आणि पाटीही कुठेतरी ठेवून दिली. घरात टाळीसुद्धा ऐकू येईना.

पुढच्या महिन्यात तुषार स्वतः आला. कुणा ओळखीच्याकडून चालू ड्राइव्ह मागून आणला होता. आधी कोरी चकती घालून पाहिली. डबी गप्प राहिली. मग आमची उरलेली चकती आत गेली. मी देवापुढे दिवा लावून आले. यांनी खुर्ची पुढे ओढली. टक् झालं नाही. पडद्यावर सगळं लख्ख उघडलं आणि त्यात विद्युत मंडळाची परिपत्रकं होती. नुसती परिपत्रकं! ट्रान्सफॉर्मरचं तेल कधी बदलावं, मीटर कुणी तपासावा. गाणं एकही नाही. गाणी सगळी फाटलेल्या चकत्यांवर होती.

यांचे खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंड उघडं होतं. अक्का, आवाज नसला की हसणं आणि रडणं सारखंच दिसतं. मी बराच वेळ नुसती बघत राहिले, हात कुठे ठेवावा कळेना. मग यांनी तुषारच्या हातातलं पेन घेतलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं, "तेल तरी वेळेवर बदललं." तेव्हा कळलं, हसत होते. निदान तेव्हा तरी.

बाकी काही विशेष नाही. तब्येतीला जप. सर्वांना आशीर्वाद.

तुझी,
प्रतिभा

ता. क. खरं म्हणजे यासाठीच पत्र लिहायला घेतलं. ऋचाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट तुझ्याकडे आहे का? त्यात यांनी मंगलाष्टकं म्हटली होती. बेसूर म्हटली, मुहूर्त टळायची वेळ आणली, असं तू कायम म्हणतेस, ते असू दे. असेल तर नुसतं 'आहे' एवढं कळव. लावून बघू नकोस, कुरिअर करू नकोस, कुणा हुशार माणसाच्या हाती देऊ नकोस. तुषार येऊन घेऊन जाईल.

ता. ता. क. (हे अक्षर माझं, अनिलचं. हिने पत्र वाचायला दिलं.) अक्का, सा. न. बेसूर नव्हतो, भटजींनी पट्टी खाली धरली होती. माझ्या चौथ्या कडव्यानंतर तुम्ही मोठ्याने म्हणाला होतात, "अनिलराव, आता पुरे!" तेही त्या कॅसेटमध्ये असेल. ते कुणाला कापू देऊ नका. मला अजून पुरे झालेलं नाही.