दारातली बादली

१२ मे १९७३

प्रिय गहिनी,

तुझं पत्र मिळालं. सोमवारी धरणाचे मोठे साहेब आपल्या गावात येणार आहेत, तेव्हा मी यावं आणि गाव बुडवू नका असं त्यांना इंग्रजीत सांगावं, असं तू लिहिलं आहेस. ‘तात्यांनी तुला कॉन्व्हेंटात शिकवलं, ते कधी कामाला यायचं?’ हे वाक्य मला तात्यांच्याच आवाजात ऐकू आलं. उत्तर लिहायला बसले, उठले, पुन्हा बसले.

सुट्टीत पुण्याहून यायची तेव्हा मोटार पलीकडच्या काठावर सोडायची. सिस्टरांनी चकाकवून घेतलेले काळे बूट हातात धरून मी नदी उतरायची. अलीकडे आई वाळूतल्या टरबुजाच्या वाडीत उभी असायची, पदरानं डोळ्यांवर सावली धरून. पुढं त्याच वाळूत आपण तिला निरोप दिला. ती वाळू, ते काळं रान, सगळं पाण्याखाली जाणार. हे मला कळत नाही असं समजू नकोस.

लग्नानंतर तू पहिल्यांदा मुराळी होऊन मला माहेरी न्यायला इथं आलास, ते आठवतं? नुकती मिसरूड फुटली होती तुला. दारात पाय धुवायला बादली ठेवली होती. नदीकाठच्या सवयीनं तू ती अख्खी पायांवर ओतलीस. संध्याकाळपर्यंत पुरवायचं पाणी होतं ते. मग सासूबाई म्हणाल्या, “पाव्हनं, नदी संगं आनली व्हय?” सगळे हसले, तूही हसलास. नंतर त्या घागर घेऊन कोसभर चालत गेल्या, ते तुला कोणी सांगितलं नाही.

यंदाचा दुष्काळ तू ऐकला आहेस, मी पाहिला आहे. शेजारच्या साळूबाईची रतन विहिरीत उतरली होती. तळाशी वाटीनं पाणी भरावं लागतं. वरून दरड सुटली. पोर तिथंच गेली. दहावं झालं आणि दुसऱ्या दिवशी साळूबाई घागर घेऊन त्याच विहिरीवर निघाली. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, “सोडा बाई. दुसरी हिर हाय कुठं?”

धरण झालं म्हणजे सगळं सुखाचं होईल, असं मला वाटत नाही. ज्याचा ऊस मोठा, त्याच्या शेताकडं पाट आधी वळेल. टोकाला असलेल्या आमच्या वाट्याला उरलंसुरलं येईल. काळ्या रानाच्या बदल्यात तुम्हाला मुरमाड माळ दाखवतील, आणि तोही पाणी चढून दाराशी आल्यावर. तरीही साळूबाईच्या तोंडाकडं बघून ‘धरण नको’ म्हणणं मला जमत नाही. आईच्या वाळूत उभी राहून ‘हवं’ म्हणणं तरी जमेल का, हेच इतके दिवस स्वतःला विचारत होते.

सोमवारी मी येते. साहेबांना सांगेन, धरण बांधा. पण ज्यांना पाणी मिळणार त्या आमच्या गावांनी आधी जमीन द्यावी, बुडणाऱ्यांची घरं तिथं उभी राहावीत, आणि मगच पाणी अडवावं. हे नुसतं तोंडानं सांगायला मला लाज वाटली असती, म्हणून ओढ्याकडची आमची दहा एकर मी सगळ्यांच्या आधी देते आहे. हे गेल्यापासून जमीन माझ्याच नावावर आहे. मुलालाही विचारलं, तो हो म्हणाला. गाव मला फितूर म्हणेल. तूही बोलणार नाहीस कदाचित. सगळ्यांच्या देखत ऐकून तुला धक्का बसू नये, म्हणून आधी लिहिते आहे. आणि आणखी एका गोष्टीसाठी. इतकी वर्षं मुराळी होऊन तू मला न्यायला आलास. या खेपेला मुराळी मी आहे. राग आला तरी माझ्याबरोबर चल, जमीन बघून घे. दारात बादली भरून ठेवायला सांगितली आहे. सगळी पायांवर ओत, कोणी काही म्हणणार नाही.

अबोला धरलास तरी तुझीच,
अक्का