चार ओळींत एकच आकडा

मंगळवार, रेवदंडा. दिवेलागण.

आज लॅबमध्ये सरांनी माझ्या प्रोग्रामच्या चारही थ्रेडसमोरच्या, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या त्याच्या चार भागांसमोरच्या, मेमरीच्या आकड्यांची सरळ बेरीज करून टाकली. मी सांगितलं, सर, मेमरी एकच आहे, चौघे मिळून वापरतात. सिस्टिम तीच प्रत्येकाच्या ओळीत पूर्ण दाखवते. तरी त्यांनी दोन थ्रेड बंद करायला लावले. उरलेल्या ओळींत आकडा तोच.

"मग मेमरी वाचली कुठे?" सर म्हणाले.

मी चिडले का नाही? काहीच वाटलं नाही. काका गेल्यापासून असंच चाललंय.

मघाशी काकू घराला कुलूप लावून मुलाकडे पनवेलला निघाली. वाडीत आमची तीन घरं, विहीर एक. तरी जो तो पाहुण्याला 'आमची विहीर' म्हणूनच दाखवतो. काकूही जाताना तेच म्हणाली, "आमच्या विहिरीचं पाणी काढत जा गं. न्हायतर वास धरंल."

मी हो म्हटलं. तेव्हाही रडू आलं नाही.

रिक्षा वळल्यावर उगाच पोहरा सोडून पाहिला. पाणी कालच्याच दगडापाशी होतं. तोच आकडा.

सरांना काय हसायचं? मलाही वाटलं होतं, निदान काकांच्या वाटणीचं पाणी तरी कमी झालं असेल.