सासऱ्यांची उंची आणि गाडीचं छत

३ जुलै, रविवार. सकाळी ९.
ठरलं. अकरा सप्टेंबरला सासऱ्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतात. साडू त्यांना मसाजची खुर्ची देणार आहे. देऊ दे. खुर्ची काय, दुकानातून कोणीही उचलून आणतो. मी सासऱ्यांना त्यांची जुनी गाडी देणार. एकास चोवीस स्केलमध्ये. वीतभरसुद्धा नाही, पण हुबेहूब.

सासऱ्यांचं आरसे आणि फ्रेमचं दुकान होतं. साधी चार दारांची गाडी घेऊन तिचा मागचा भाग त्यांनी कापून टाकला आणि तिथे पत्र्याचा डबा बसवला, आरसे न्यायला. गाडी विकून चाळीस वर्षं झाली, पण अजून दर जेवणात तीच वाढतात.

साध्या गाडीचं किट मिळतं. मागचा डबा मलाच प्लास्टिक शीट कापून करावा लागेल. सोपं आहे. दहा रविवार हातात आहेत. खरं म्हणजे तीन पुरतील.

सकाळी ११.
हे सगळं कशासाठी, ते लिहून ठेवतो. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात सासरे चारचौघांत मला आरंभशूर म्हणाले होते. चौदा वर्षं झाली, विसरलेलो नाही. आमच्या कपाटावर सोळा किट आहेत हे खरं. पण ती अर्धवट नाहीत, थांबलेली आहेत. अकरा तारखेला तो शब्द त्यांना परत घ्यायला लावतो की नाही बघा.

४ जुलै.
ऑफिसात कामाचं वेळापत्रक केलं. लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात बारा वर्षं लोकांना तारखा देतोय. स्वतःला दिलेली एक तारीख पाळता येणार नाही?

वेळापत्रक चार रंगांत आहे. बंद लिफ्टच्या तक्रारीसाठी पाचव्या मजल्यावरच्या बाईंचा फोन तीनदा वाजला. उद्या करतो.

१० जुलै, रविवार.
सासरी जाऊन आलो. डब्यासकट गाडीचा फोटो जगात एकच आहे. दिवाणखान्यात, सासऱ्यांनी स्वतः केलेल्या फ्रेममध्ये. त्यांच्या लग्नाआधीचा. गाडीचा फक्त मागचा भाग, शेजारी सासरे छाती काढून उभे. गुडघ्याखाली काही नाही, चाकंही नाहीत, फ्रेमच तिथे संपते. डब्याचं छत बरोबर सासऱ्यांच्या कानाच्या पाळीशी येतं.

म्हणजे काम झालं! माणसाची उंची कळली की छताची उंची कळलीच. सहज विचारल्यासारखं करून विचारलं. सासरे म्हणाले, पाच फूट दहा इंच.

फोटो घरी न्यायची परवानगी दिली, पण फ्रेम उघडायची नाही असं दोनदा बजावलं. कारागिराचा अभिमान, दुसरं काय.

१२ जुलै.
पाच-दहा! मी स्वतः पाच-सात आहे आणि मला सासऱ्यांचं टक्कल वरून दिसतं. बायकोला हे बोललो तर ती म्हणाली की वयाने माणूस थोडा आटतो. चार-पाच इंच? माणूस आहे की स्वेटर?

इथे कोणीही साधा जावई फसला असता. मी फसणार नाही.

१७ जुलै, रविवार.
आज पुन्हा सासरी. सासरे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून साडूचं कौतुक करत होते. त्यांचं डोकं चौकटीवरच्या किल्ल्यांच्या खिळ्याला टेकत होतं. ते आत गेल्यावर खिळ्याची उंची टेपने मोजली. पाच फूट चार इंच. चपलांसकट.

खिशात टेप घेऊन फिरणं बायकोला विचित्र वाटतं. शास्त्रीय दृष्टी सगळ्यांकडे नसते.

सासूबाईंनी मोजताना पाहिलं. कशासाठी ते सांगावं लागलं. त्यांनी खिळ्यावरच्या किल्ल्या सरळ केल्या आणि त्या म्हणाल्या की हे पाच-दहा सांगतात ना, मग पाच-दहाच धरा. भोळी बाई. पन्नास वर्षं विश्वास ठेवून बसली आहे.

१८ जुलै.
हिशोब पक्का. पाच-चार माणसाच्या कानाची पाळी जमिनीपासून चार फूट दहा इंचांवर. भागिले चोवीस. म्हणजे मागचा डबा गाडीच्या पुढच्या छतापेक्षा जेमतेम मिलिमीटरभर उंच.

एवढ्यासाठी चांगली गाडी कोण कापेल, असा प्रश्न क्षणभर पडला. पण सासऱ्यांनी आयुष्यात याहून विचित्र गोष्टी केल्या आहेत. साडूला थोरली मुलगी दिली.

२४ जुलै, रविवार.
किट आलं. खोका उघडून सगळे भाग डायनिंग टेबलावर मांडले. फार प्रगती झाल्यासारखं वाटलं, म्हणून झोपलो.

३१ जुलै, रविवार.
गाडी कापली. मागची काच, डिकी, अर्धं छत, सगळं काढून टाकलं. आता माघार नाही. कापताना करवत थोडी भरकटली आणि एक मागचं दारही गेलं. ते नाहीतरी कोण उघडणार होतं?

७ ऑगस्ट, रविवार.
डब्याची डावी बाजू कापली. उत्तम. उजवी बाजू कापली. उत्तम. दोन्ही शेजारी ठेवल्या तर दोन्ही डाव्याच निघाल्या.

११ ऑगस्ट.
सुपरग्लूने चष्मा डायनिंग टेबलाला चिकटला. बायकोने जेवण चष्म्याच्या भोवतीने वाढलं.

१४ ऑगस्ट, रविवार.
डबा उभा राहिला! खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिक लावलं. सुपरग्लूच्या वाफेने सगळं पांढुरकं झालं. आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं की आरशांच्या गाडीला आतलं दिसू नये हेच बरं, चोर काय कमी असतात?

१५ ऑगस्ट.
थोरल्या मेहुणीचा फोन. बायकोने तिला सगळं सांगून टाकलेलं दिसतं. मेहुणी म्हणाली की चार वर्षांची असताना ती त्या डब्यात सरळ उभी राहायची आणि वर हात केला तरच छताला लागायचा. माझ्या डब्यात तिला वाकून उभं राहावं लागेल.

लहानपणी सगळंच मोठं दिसतं. मला आमचे हेडमास्तर राक्षसाएवढे वाटायचे. आठवण वेगळी आणि मोजमाप वेगळं, हे तिला शांतपणे समजावलं. तिने फोन ठेवला. पटलं असावं.

२१ ऑगस्ट, रविवार.
पुट्टी. सँडपेपर. पुट्टी. सँडपेपर. पिठाच्या डब्याचं झाकण उघडं होतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बायको म्हणाली, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. संदर्भ लागला नाही.

२८ ऑगस्ट, रविवार.
कबुतरी रंगाचा पहिला हात दिला. लवकर वाळावा म्हणून बायकोचा हेअर ड्रायर धरला. छत मधोमध किंचित खाली बसलं. त्याने गाडीला वेग असल्यासारखा वाटतो.

४ सप्टेंबर, रविवार.
बायकोला दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली की छान आहे, पण बाबांच्या गाडीसारखी नाही, छत उंच हवं. ती गाडी विकली तेव्हा ही एक वर्षाची होती! मी वही काढून हिशोब दाखवला. तिने वही बंद केली आणि म्हणाली की एकदा त्यांचं ऐकून बघितलं असतं तर काय बिघडलं असतं.

हिशोब बिघडला असता.

९ सप्टेंबर. संध्याकाळी ६.
झाली. पूर्ण झाली. आयुष्यात पहिल्यांदा एक गाडी चारही चाकांवर उभी आहे. एक चाक जरा वर राहतं, पण रस्ते कुठे सपाट असतात? खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. बायकोने पाठीवर हात ठेवला. घोडामैदान जवळ आलं.

पाचव्या मजल्यावरच्या बाई आज स्वतः ऑफिसात आल्या होत्या. जिने चढून-उतरून बारीक झाल्यासारख्या वाटल्या.

११ सप्टेंबर, रविवार. रात्री.
सगळं लिहून काढतो. लपवण्यात अर्थ नाही, वाचणारा मीच आहे.

सासरे साडूच्या खुर्चीत बसून थरथरत होते. मी गाडीवरचा रुमाल उचलला. सासऱ्यांनी खुर्ची बंद करायला सांगितली. चष्मा लावला. गाडी हातात घेऊन इकडून तिकडून फिरवली. छतावरून दोनदा बोट फिरवलं. गहिवरले, असं मला वाटलं.

मग त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. आत एक इवलासा आरसा, कडा घासलेला, बारीक लाकडी फ्रेमसकट. बायकोने त्यांना स्केल सांगितलं होतं म्हणे. चार फुटी आरसा भागिले चोवीस. या वयात त्यांनी तो कापला होता, माझ्या गाडीसाठी. म्हणजे मी ती पूर्ण करीन असं त्यांनी धरलं होतं. हे मला तेव्हा सुचलं नाही, आत्ता लिहिताना सुचतंय.

डब्याचं मागचं दार उघडून त्यांनी आरसा आत उभा केला. मावेना. तिरका केला. मावेना. सासरे हळूच म्हणाले की आरसा आडवा नेला तर तडकतो, म्हणून तर गाडी उंच करून घेतली होती.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मी वही काढली. पंधरा-वीस पाहुण्यांसमोर मोठ्याने सांगितलं की छत चुकलेलं नाही, कारण सासऱ्यांची खरी उंची पाच-चार आहे, चपलांसकट, मी खिळ्यावरून मोजली आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सासरे म्हणाले, पाच-दहा. पण आवाज लहान झाला होता.

परत द्यायला आणलेली फ्रेम सासूबाईंनी माझ्याकडून घेतली, उलटी केली, सुरीच्या टोकाने मागचे खिळे उचकटले. फोटो कापलेला नव्हताच, खालून दुमडला होता. तो त्यांनी उलगडला. सासऱ्यांच्या बुटांखाली काचांचा लाकडी खोका. सहा इंचांचा. हा फोटो स्थळ म्हणून सासूबाईंच्या घरी पाठवला होता! त्या म्हणाल्या की बघायला आले तेव्हा दारातच मला कळलं होतं, मी उंबऱ्यावर उभी होते आणि हे वर बघत होते, पण झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून इतकी वर्षं बोलले नाही.

सगळे हसले. साडू सगळ्यांत जास्त. सासरे गाडी आणि काडेपेटी घेऊन आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

१२ सप्टेंबर. सकाळी ७.
पुन्हा हिशोब केला. माणूस पाच-चार, खाली खोका सहा इंच. बेरीज पाच-दहा. सासऱ्यांची थाप मुकाट्याने खरी मानली असती तर छत जवळजवळ बरोबर आलं असतं. आरसा मावला असता. त्यांची मूठ झाकलेली राहिली असती.

फार वाईट वाटतंय. कोणाला सांगणार? बायकोला सांगितलं. ती म्हणाली की मला नको, बाबांना सांगा. उद्या फोन करतो.

१६ सप्टेंबर.
फोन उद्या करतो.

१८ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी.
फोन न करता गेलो, बायकोला घेऊन. सासऱ्यांनी दार उघडलं. मी चूक झाली म्हणालो. ते म्हणाले की आधी चहा घ्या, जावईबापू.

दिवाणखान्यात, फोटो होता त्या खिळ्याखाली, काचेची पेटी. आत माझी गाडी. डबा सहा मिलिमीटर उंच झालेला, छत सरळ, खिडक्या स्वच्छ, चारही चाकं जमिनीवर. आत आरसा उभा. मागच्या दाराशी एक इवलासा लाकडी खोका, त्यावर कोणी नाही. आठवड्यात केलं त्यांनी हे, पंचाहत्तराव्या वर्षी. साडूच्या खुर्चीवर वाळत घातलेले टॉवेल होते.

पेटीखाली पितळी पाटी. सासऱ्यांनी स्वतः कोरलेली. दोन ओळी.

आरंभ : जावईबापू.
काम : सासरे.

दोनदा वाचली. घरी येताना बायको हसली नाही. तिचे खांदे मात्र हलत होते.

माझं नाव वरच्या ओळीत आहे. साडूचं तर कुठेच नाही.