पाच नंबरचा आकडा

९ फेब्रुवारी, सोमवार

दादाला आयसीयूत, काचेच्या खोलीत हलवलं. साधा फ्लू! तोच मलाही झाला होता. मी दोन दिवस लोळलो, उठलो. आणि हा रोज जोर मारणारा गडी तिथे आडवा. आयुष्यात एकदाच मी त्याच्या पुढे गेलो, तर आई म्हणते, "तुला काय धाड भरलीय, तू चिवट आहेस." बस्स, एवढंच कौतुक.

१० फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. विषाणू आता फारसा उरलेला नाही. पण दादाच्या अंगातली फौज थांबायलाच तयार नाही. शत्रू पळाला तरी गोळीबार चालू, आणि भाजतायत त्याचीच फुप्फुसं.

वहिनी म्हणाली, "मग ताकदीचं काहीतरी द्या ना."

"ताकद नको हो. आहे तीच आवरायचीय."

आवरायचं एक नवं औषध आहे, त्याची चाचणी चालू आहे. बाकी उपचार सगळ्यांना सारखे, पण बाटलीत काहींना खरं औषध, काहींना नुसतं सलाइन. कुणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार, डॉक्टरांनाही कळणार नाही. वहिनीने सही केली. माझं लक्ष बाईंच्या बुटांकडे — एक नाडी हिरवी, एक पांढरी. का, ते विचारायचं राहिलंच.

११ फेब्रुवारी, बुधवार

वहिनी पोरांपाशी, आई वहिनीपाशी. इथे मीच.

शेजारी पाच नंबरच्या खाटेवर एक मास्तर. तोच आजार, तीच चाचणी. त्यांची मुलगी थर्मास मांडीवर घेऊन बाकावर बसते. काचेतून दोघांची ऑक्सिजनची यंत्रं दिसतात, वर मोठा हिरवा आकडा. मास्तर सत्तर, दादा साठ.

दादा दुसरा आलेला मी पहिल्यांदाच बघतोय. मजा वाटायला हवी होती.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मास्तर ऐंशी. दादा पन्नास.

खरं औषध त्यांना लागलं, आम्हाला पाणी. आमचं नशीबच असं. मुलीने चहा विचारला. नको म्हटलं. हिचे वडील बरे होणार आणि वर हिचा चहा प्यायचा?

ज्याच्यासोबत मी अधूनमधून भटकायला जातो त्या ट्रकवाल्याचा फोन — "उद्या बंदराकडे निघतोय, सीट रिकामी आहे." एरवी चप्पल घालायलाही थांबलो नसतो. नाही म्हणालो. मग त्याने रस्त्यातल्या पुलाची गोष्ट सांगितली, अर्धा तास. पूल अजून अर्धाच आहे म्हणे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सिस्टरना गाठलं. "मास्तरांच्या बाटलीतलं थोडं दादाला देता येईल का?"

"अहो, बाटल्या सारख्याच दिसतात. मलाही माहीत नाही. तुमचा पेशंट चांगलाय, जा, काहीतरी खाऊन या."

चांगलाय म्हणे. चाळिसावर आलाय! लहान पोराची समजूत घातल्यासारखं बोलतात.

मास्तर नव्वद. मी काचेला कपाळ टेकवून मागितलं — त्यांचा आकडा दादाला दे, दादाचा त्यांना. कुणाकडे मागितलं कुणास ठाऊक. मागताना लाज वाटली नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

बेसिनपाशी मास्तरांची मुलगी थर्मास विसळत होती. म्हणाली, "तुमचं बरंय. खरं औषध तुमच्या भावाला मिळालं."

"चेष्टा करता का? तुमचे पंच्याण्णव, आमचे पस्तीस."

तिने थर्मास खाली ठेवला.

"अहो, ते मार्क नाहीत. यंत्राला किती ऑक्सिजन द्यावा लागतोय, तो आकडा आहे. जितका कमी, तितकं बरं."

नळ चालूच होता. तो तिने बंद केला.

"खरं सांगू? मी रोज तुमच्याकडे बघून जळत होते."

मग तिने चहा विचारला. घेतला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दादा तीस. मला बघून बोट हलवलं, खाली बस म्हणाला असणार.

मास्तर शंभर. त्या यंत्रावर याच्यापुढे आकडा नसतो. शनिवारी मी दादासाठी त्यांचाच आकडा मागत होतो.