पोपटी उत्तर

२ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणत असाल, नव्या शाळेत गेली आणि मामाला विसरली. विसरले नाही हो, हात सदा रंगाने भरलेले असतात. या कागदाच्या कोपऱ्यात निळा अंगठा उमटलाय तो तसाच राहू दिलाय. पोच समजा.

मला पाचवीचा वर्ग मिळालाय. आमच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. आवाज हळू, पण व्हरांड्यात त्यांची चप्पल वाजली की वर्गातले पंखेसुद्धा जपून फिरतात. त्यांच्याकडे धीर करून गेले आणि म्हटलं, मला प्रत्येक विषय चित्रांतून शिकवून बघायचाय. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि हो म्हणाल्या. अट एवढीच की महिनाअखेरच्या चाचणीत वर्ग घसरता कामा नये. घसरला तर रंगांचे डबे कोठीच्या खोलीत आणि बाक पुन्हा रांगेत. आधीच्या शाळेत मला शनिवारचा चित्रकलेचा तास देऊन बोळवण केली होती, तुम्हाला माहीतच आहे. इथेही फसलं तर पुन्हा कुणाकडे मागायचं बळ माझ्यात नाही. हे आईला सांगू नका.

पण सध्या मजा चाललीय. मुलं वडलांचे जुने शर्ट उलटे घालून बसतात, बटणं पाठीवर. भूगोलाला आम्ही कागद चुरगळून त्याचा डोंगर केला आणि माथ्यावर निळा थेंब सोडला. थेंब आपला आपण वाट काढत खाली आला, आणि नदी वळणं का घेते हे मला सांगावंच लागलं नाही. गणिताला तर काय विचारता! अर्धा पेला पिवळा, पाव पेला निळा, दोन्ही एकात ओतले की पाऊण पेला पोपटी. अपूर्णांकांच्या तासाला टाळ्या पडलेल्या तुम्ही कधी ऐकल्यात का?

आता भाषेसाठी एक कविता पाठवा. तुमच्या पोतडीतली, जुनी. मामींना माझा नमस्कार, आणि तुमच्या कविता ऐकून घेतात म्हणून आणखी एक.

मायेत ठेवा.
तुमची खार

*

९ ऑगस्ट

चि. खार हिस,
अ. उ. आ.

निळा अंगठा पोचला. तुझ्या मामीने त्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला आणि पोर वाळलीय असं निदान केलं. तेव्हा डबा नीट खात जा, आणि खाण्याआधी हात धूत जा.

तुझा तो थेंब वाचून मी बराच वेळ खिडकीशी बसून होतो. आम्ही नद्या पाठ करायचो ग. ठेक्यात, उगमापासून मुखापर्यंत. ठेका चुकला की नदी मध्येच आटायची आणि पोरगं बाकावर उभं राहायचं. तरी काय गोड वाटायचं ते! दुपारची उन्हं जमिनीवर लांब पडलेली, खडूची धूळ त्यांत तरंगतेय, आणि साठ गळ्यांतून एकदम कविता उठायची. शेवटची ओळ खिडकीबाहेरच्या झाडापर्यंत जायची. पाखरं उडायची, खरंच.

म्हणून सांगतो, कवितेचं चित्र काढायला माझं मन घेत नाही. कविता कानाची वस्तू. कागदावर बसवलीस तर टाचणी लावलेल्या फुलपाखरासारखी होईल. पण तू मागितलीस आणि मी नाही म्हटलं असं आजवर झालेलं नाही, हे तुझ्या आईचं जुनं गाऱ्हाणं आहे. सोबत होडीची कविता लिहून पाठवतोय. संध्याकाळ, नदी, काठावर वाट बघणारी मुलगी आणि दूरवर येत असलेली होडी. पुस्तक केव्हाच हरवलं, पण कविता हरवलेली नाही. एकच कर, आधी पोरांना डोळे मिटून तीनदा ऐकू दे. मग काय रंगवायचं ते रंगवा.

मामी म्हणते, भाचीचं पत्र आलं की यांना दुसरं काही ऐकू येत नाही. ती असं म्हणाली हे मात्र मला ऐकू आलं.

उत्तर लवकर धाड, दाराकडे तोंड करून बसतो.
तुझा मामा

*

३ सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आधी गोड बातमी देते. कविता डोळे मिटून तीनदा ऐकली. डोळे उघडल्यावर पहिला प्रश्न आला, बाई, होडीचा रंग कोणता? मी पुन्हा वाचून पाहिली, कवितेत रंगच नाही! म्हटलं, ज्याला जशी दिसली तशी. मग कुणाची लाल आली, कुणाची पट्ट्यापट्ट्यांची, आणि एकाच्या होडीला भोक होतं नि आतला माणूस तांब्याने पाणी उपसत होता. आमच्या वर्गात एक बडबडी आहे, तिची टकळी झोपेतही चालू असेल. तिने होडी काढलीच नाही, नुसती काठावरची मुलगी काढली. विचारलं तर म्हणे, अजून लांब आहे ना ती.

आता दुसरी बातमी. मामा, चाचणीत आम्ही आपटलो. गणिताच्या पेपरात साधा प्रश्न होता, एक द्वितीयांश अधिक एक चतुर्थांश बरोबर किती. अर्ध्याहून जास्त वर्गाने लिहिलं, पोपटी. एकाने तर फिकट पोपटी लिहून खाली रेघ ओढलीय. गणिताचे पेपर वरच्या वर्गांचे सर काढतात नि तपासतात. ते खिशात कायम फूटपट्टी बाळगतात, त्यावरूनच मुलांनी त्यांचं नाव ठेवलंय. ते फूटपट्टी सर गठ्ठा घेऊन थेट मोठ्या बाईंकडे गेले. बाई आधी हसल्या म्हणे. मग हसायच्या थांबल्या. मला बोलावून सांगितलं, शब्द तो शब्द. मी गयावया केली तेव्हा महिनाअखेरीपर्यंत मुदत मिळाली. सर पुन्हा पेपर काढतील, त्यात जमलं तर ठीक.

खरं सांगू? जमेल असं वाटत नाही. उद्या मीच डबे उचलून कोठीत ठेवावेत आणि फळ्याकडे तोंड करावं, असं मनात आहे. निदान कुणी काढून घेतले असं तरी होणार नाही.

रागवू नका. दोन ओळी तरी पाठवा.
खार

*

८ सप्टेंबर

चि. खार हिस,
अ. उ. आ.

खोटं कशाला बोलू, मी पोट धरून हसलो. मामीने पत्र पुन्हा वाचायला लावलं, आणि शेवटाला आलो तेव्हा हसू गेलं.

अग, पोरांनी खोटं काय लिहिलं? पेल्यात काय झालं ते लिहिलं. सर विचारत होते किती झालं. इतका सुरेख पोपटी समोर असताना पाऊणकडे कुणाचं लक्ष जाणार? मीसुद्धा तेच लिहिलं असतं, फक्त मात्रांत बसवून.

तुझ्या आईची गंमत सांगतो. लहानपणी ती कविता झोपाळ्यावर बसून पाठ करायची. झोके घेताना खडाखडा म्हणायची, आणि वर्गात उभी केली की एक अक्षर आठवत नसे. मास्तर कावले. मग मी तिला झोपाळ्यावर बसवली, पण पाय जमिनीला टेकवून. ते जमल्यावर पायरीवर बसवली. ते जमल्यावर उभी केली. झोपाळा मोडावा लागला नाही.

तसं कर. रंग काढ, पेला राहू दे. साधं पाणी घे. पाण्यात बघण्यासारखं काही नसतं, त्यामुळे नजर पातळीवरच जाईल. ते जमलं की पेला काढ आणि कागद ठेव. बाकी भूगोलाला, कवितेला रंगू दे त्यांना हवं तितकं.

आणि ऐक. तुझ्या पोरांचा प्रश्न मी मामीला विचारला. तीही तीच कविता शिकलेली. म्हटलं, तुझ्या होडीचा रंग कोणता? भाजी निवडता निवडता म्हणाली, हिरवा, दुसरा कसला असणार. माझी होडी पांढरी आहे ग, आणि रिकामी. तिच्या होडीत दोघं बसलेत. इतकी वर्षं एका घरात आम्ही ती कविता म्हणतोय आणि हे माहीत नव्हतं. संध्याकाळभर आम्ही तेवढंच बोलत बसलो. तेव्हा टाचणीबद्दल मी जे लिहिलं होतं ते खोडून टाक.

डबे आपल्या हाताने कोठीत ठेवू नकोस. दुसऱ्या कुणाला ठेवायचे असतील तर त्याला उचलू दे की, चांगले जड असतील.

तुझ्या बाजूचा,
मामा

*

२९ सप्टेंबर

ती. मामांस आणि ती. मामींस,
सा. न. वि. वि.

पाणी आणलं. मुलांनी तोंडं वाकडी केली. मिळमिळीत आहे म्हणाली, बाई आजारी आहेत का असंही एकाने विचारलं. पहिले दोन दिवस मलाही कंटाळा आला. मग बडबडीने पेल्याला बाहेरून दोरा बांधला आणि सगळ्यांना सांगत सुटली की पाणी कुठवर येईल ते ओतायच्या आधी ओळखा आणि दोरा तिथे सरकवा. त्यानंतर पैजाच लागल्या. शेवटी पेले ठेवून दिले नि कागद घेतला. कागदावर लिहिताना मुलं हवेतच बोटाने दोरा सरकवत होती.

काल सरांनी पेपर घेतला. बाकांमधून फिरत होते, फूटपट्टी पाठीमागे धरून. आज तपासून दिला. दोघं सोडून सगळ्यांना जमलंय. त्या दोघांना रंगही कळला नाही आणि पाणीही, त्यांच्यासाठी वेगळं काही शोधते आहे. सरांनी चेहरा बदलला नाही, पण जाताना ते दोऱ्याचे पेले सातवीसाठी मिळतील का असं विचारून गेले.

शेवटच्या तासाला आम्ही विज्ञानासाठी झाडांची पानं रंगवत होतो. चप्पल वाजली आणि मोठ्या बाई निकालाचा कागद घेऊन आत आल्या. खुर्चीवर चित्रं वाळत होती, म्हणून शेवटच्या बाकाच्या टोकावर बसल्या. शेजारी नेमकी बडबडी. तिने काही न विचारता त्यांच्या हातात कुंचला दिला, समोर कागद ठेवला आणि बजावलं की आधी कुंचल्यातलं पाणी निपटा, नाहीतर कागद फुगेल. मी भिंतीला टेकून उभी. बाईंनी पाणी निपटलं. पानाची मधली शीर काढली, मग बाजूच्या.

घंटा झाली. बाहेर सगळी शाळा धावत सुटली. आमची मुलं दप्तरं पाठीला लावून बाईंच्या भोवती उभी. बाई उठेनात. मला राहवेना, म्हणून डब्यांचं काय करायचं ते विचारलं. त्यांनी मान वर केली नाही.

"कोठीची खोली दमट आहे, डबे गंजतील. इथेच असू द्या. आणि मला बोलण्यात गुंतवू नका, अजून शिरा राहिल्यात."

तुमच्या दोघांच्या मायेतली,
खार